ठिगळाची डेग

मी एक डेग बोलतेय. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. बुडाला काळी, काठाला पोचे आलेली आणि पोटाला ठिगळ असलेली. आज तीज आहे, पोरींनी टोपलीत पेरलेल्या गव्हाचा सण, म्हणून सकाळपासून चुलीवर बसलेय. माझ्यात अख्ख्या तांड्याचा भात शिजतोय आणि तो शिजेपर्यंत मला बोलण्याशिवाय दुसरं काम नाही. पण आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. ज्याच्या पोटात कुणी पहार घातली असेल त्याचा स्वभाव गोड कसा राहील?

मला या तांड्यावर हमल्याने आणलं. आठवडी बाजारातून त्याने मला डोक्यावर पालथी घालून आणली, तेव्हा वाटेवरची माणसं हसली, कारण लांबून नुसती डेगच चालत येतेय असं दिसत होतं. हमल्याला मुलगी झाली होती, तिच्या नाव ठेवण्याच्या जेवणासाठी मी आले. मुलीचं नाव जमणी. ती आणि मी एकाच आठवड्यात तांड्यावर आलो, त्यामुळे मी तिला मनातल्या मनात धाकटी बहीण मानत आले. लहानपणी ती माझ्यात बसून अंघोळ करायची आणि आत तोंड घालून गाणी म्हणायची, कारण माझ्यात आवाज घुमतो.

पुढे हमल्या विहिरीच्या कामावर गेला आणि दरड अंगावर येऊन तिथेच राहिला. पंचनाम्याला पोलीस आले. रडून रडून आवाज बसलेल्या केसलीला, त्याच्या बायकोला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आदल्या दिवशी तुमचं भांडण झालं होतं का?" ती तो प्रश्न अजून विसरलेली नाही, मीही नाही.

मग घर चालवायला तिने माझ्यात दारू गाळायला सुरुवात केली. काळा गूळ, नवसागर आणि मोहाची फुलं. मला काही लाज वाटली नाही. गूळ घेऊन श्रीशैलम यायचा. त्याच्या रिक्षाच्या पाठीवर मोठा हिरवा पोपट काढलेला होता. खालच्या गावातला तेलुगू माणूस, पण आल्या आल्या खाटेवर पाय वर घेऊन बसायचा, केसलीला "अक्का" म्हणायचा, जमणीसाठी बोरकूट आणायचा. त्याला पाणी मिळायचं, भाकरी मिळायची, कोंबडी कापली असेल तर रस्साही मिळायचा.

आमच्या तांड्यात जगाचे दोनच भाग आहेत. जे आपले ते गोर, जे आपले नाहीत ते कोर. कलेक्टर असो की कुंभार, गोर नसेल तर तो कोर. तांडा टेकाडावर आहे. चढणीच्या तोंडाशी केसलीचं घर आणि घराशेजारी चिंच, आणि चिंचेखाली रूपला म्हातारा. त्याला दिसतं कमी, पण मोटारसायकलच्या आवाजावरून तो पोलिसाची कोणती आणि दूधवाल्याची कोणती हे सांगतो. पोलिसाचा आवाज आला की रूपला उभा राहून ओरडतो, "कोर आवगो!" म्हणजे परका आला. एवढं ऐकलं की भट्ट्या विझतात, डेगी झुडपात जातात, पोरं झोपल्याचं सोंग घेतात.

एका पहाटे मात्र पोलीस गाडी खाली ठेवून पायी चढले. रूपला ओरडला तेव्हा ते चिंचेपाशी पोचलेसुद्धा होते. त्यातल्या एका जाडजूड मिशीवाल्याने म्हाताऱ्याची गच्ची धरली.

"चोर कुणाला म्हणतोस रे? पोलिसाला चोर म्हणतोस?"

रूपलाला तो काय विचारतोय तेच कळेना. त्याने कोर म्हटलं होतं, मिशीवाल्याने चोर ऐकलं होतं. समजावणार कोण? तो म्हाताऱ्याला सोडून माझ्याकडे वळला, हातातली पहार उचलली आणि माझ्या पोटात घातली. माझ्यातलं सगळं उतू नाही गेलं, खाली गेलं. केसली दारात उभी राहून त्या माणसाचं तोंड बघत होती, नुसती बघत होती.

मला मुद्देमाल म्हणून ठाण्यात नेलं. तिथे मुद्देमालाच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून मला दाराशी ठेवलं आणि माझ्यात लाठ्या उभ्या करून ठेवायला लागले. भाताच्या पोटात लाठ्या! पण दाराशी असल्यामुळे ऐकू सगळं यायचं, आणि एक गोष्ट ऐकून मी चाटच पडले. आम्ही जितके त्यांना घाबरतो तितकेच ते आम्हाला घाबरत होते.

"तांड्यावर पाणी पिऊ नकोस बाबा, काहीतरी घालतात त्यात," एक म्हणायचा.

"आणि बायांकडे बघून बोलू नकोस. एक ओरडली की वीस जणी जमतात," दुसरा म्हणायचा.

"आणि वर आपल्यालाच चोर म्हणतात," मिशीवाला म्हणायचा. त्याचं नाव कोमरय्या. पहार मारणारा तोच.

मग वरून हुकूम आला की प्रत्येक गावाला एक पोलीस नेमायचा, त्याने तिथे जायचं, बसायचं, ओळखी करायच्या. आमचा तांडा कुणीच घेईना. शेवटी तो कोमरय्याच्या गळ्यात पडला आणि सगळं ठाणं हसलं. कोमरय्याने तांड्याला व्हॉलीबॉल आणि त्याचं जाळं नेऊन दिलं. संध्याकाळी परत आला तो तोंड पाडून.

"काय रे, खेळले का?"

"खेळतायत कसले! तो म्हातारा म्हणतो, पोलिसाने जाळं दिलंय म्हणजे जाळंच असणार. पोरांना हात लावू देत नाही."

मी मनात म्हटलं, शाबास रूपला.

माझा खटला कधीतरी संपला. टाकाऊ माल भंगारात घालायचं ठरलं तेव्हा कोमरय्याने मला मागून घेतलं, माझ्यातल्या लाठ्या काढल्या आणि बाजारात नेऊन भोकावर ठिगळ ठोकून घेतलं. मला एवढी किळस आली त्याच्या हाताची की विचारू नका. मनात पाल चुकचुकत होती. ज्याने भोक पाडलं तो ठिगळ का लावतोय? यात कुठेतरी पाणी मुरतंय, आणि मुरणारं पाणी माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

तांड्यावर त्याने मला केसलीच्या दाराशी ठेवली. तिच्या मनातही तेच.

"हे काय?"

"तुझी डेग, अक्का. खटला संपला."

"आणि परत कशाला आणलीस? मी पुन्हा गाळावं आणि तू पुन्हा पकडावं म्हणून?"

"भात शिजव."

"एवढा भात खाणारा कोण आहे माझ्या घरात? तुझ्या बायकोने लग्नात दिली होती का एवढी मोठी डेग?"

चिंचेखालच्या बाया पदर तोंडात धरून हसल्या. कोमरय्या हसला नाही, चिडलाही नाही. पाणी मागितलं, ते कुणी दिलं नाही, आणि तो गेला. केसलीने मला लाथेने पालथी केली; गाळायला तिने मी नसतानाच पत्र्याचा डबा आणला होता. दुसऱ्या दिवसापासून रूपला माझ्यावर बसून पोलिसांची वाट बघायला लागला. बसायला उंच झालं, लांबवरचं ऐकू येतं, म्हणे.

कोमरय्या येत राहिला. त्याची मोटारसायकल वळणावर खोकायची. रूपला माझ्यावरून उठायचा, "कोर आवगो!" दारं लागायची. हा चिंचेखाली एकटाच बसायचा, डब्यातला दहीभात खायचा आणि निघून जायचा. मी सांगते, मला त्या दहीभाताचाही संशय यायचा.

मग जमणीचं प्रकरण झालं.

तिची शाळा सुटली होती. श्रीशैलम म्हणाला की शहरात मिठाईच्या कारखान्यात मुलींना डबे भरायचं काम आहे, राहायची सोय आहे, महिन्याला घरी पैसे पाठवता येतील. केसलीने दोन-चार दिवस विचार केला. पण विचार पोरीला एकटी पाठवावी की नाही याचाच. तो माणूस कसा आहे, हा विचार तिच्या मनाला शिवलाच नाही. तो तर घरचाच.

सकाळी पोपटाची रिक्षा जमणीला घेऊन उतारावर लागली, आणि त्याच वेळी खालून कोमरय्याची मोटारसायकल चढत होती. रूपला सवयीने उठून ओरडला, "कोर आवगो!" कोमरय्याने पुन्हा तेच ऐकलं. चोर आवगो. या वेळी तो चिडला नाही, उलट हरखला. त्याला वाटलं, तांड्याने पहिल्यांदाच आपल्याला हाक मारली, चोर दाखवून दिला! समोर एकच रिक्षा होती. त्याने गाडी आडवी घातली.

"कुठे चाललात? मुलगी कोण?"

श्रीशैलम रिक्षाचा आरसा पुसायला लागला. उत्तर जमणीने दिलं. तांड्यात जे शिकली होती तेच तिने केलं, पोलिसाला खोटं सांगितलं.

"मामाकडे चाललेय. हा मामाच आहे माझा. तुला काय करायचंय?"

"हा तुझा मामा? हा तर तेलुगू..."

"मानलेला मामा आहे. जाऊ दे ना!"

चिंचेखाली बाया टाळ्या देऊन हसत होत्या. पोरीने पोलिसाला कसं गप्प केलं! रूपला माझ्यावर बसल्या बसल्या इतका हसला की मी डुगडुगले. कोमरय्याने रिक्षाच्या पाठीवरच्या पोपटाकडे एकदा बघितलं आणि गाडी बाजूला घेतली.

सुरुवातीला जमणीचा फोन रोज यायचा. मग कुणा मालकिणीच्या समोरून यायला लागला, हो-नाही एवढंच. मग बंद. केसली फोन उशाशी घेऊन झोपायची, पाणी भरताना कमरेला खोचायची. श्रीशैलम गूळ घेऊन आला तेव्हा तिने त्याला धरलं.

"पोर कुठाय?"

"मजेत आहे. फोन पाण्यात पडलाय तिचा."

"मला तिथे घेऊन चल."

तो खाटेवर बसला नाही, पाणीही मागितलं नाही. "अक्का," म्हणाला, "फार आरडाओरडा करू नकोस. ठाण्यात गेलीस तर ते पहिल्यांदा विचारतील, हा गूळवाला तुझ्याकडे का येतो? मग आधी कोण आत जाईल, तूच सांग."

केसली तांड्याच्या प्रमुखाकडे, नायकाकडे गेली. धर्म्या नायकाने मान हलवली. "ठाण्याची पायरी चढायची नाही हा तांड्याचा कायदा. तिथे गेलेलं माणूस काहीतरी देऊनच येतं. आपण आपली माणसं पाठवू, शोधू." माणसं गेली, शहर केवढं असतं ते बघून परत आली.

त्या दिवसांत केसली माझ्याकडे टक लावून बसायची. मी पालथी, ती उकिडवी. कोमरय्याने एकदा विचारलं, "अक्का, पोरगी मामाकडून आली नाही अजून?"

"येईल."

"तो रिक्षावाला मामा मला काही बरा वाटला नाही."

"तुला कोण बरं वाटतं? तू पोलीस." असं म्हणून ती घरात गेली आणि दाराआड भिंतीला डोकं टेकून उभी राहिली. मला दिसत होतं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण काय ओरडू? सांग म्हणून, की सांगू नको म्हणून? पहार याच माणसाच्या हातात होती हे मला माहीत होतं. ते तोंड तिच्या लक्षात राहिलं नसेल असं मला वाटत होतं.

पुढच्या खेपेला तो दुपारी आला. रूपला ओरडला, दारं लागली. केसलीचं मात्र उघडं राहिलं. ती बाहेर आली, माझ्यावरून रूपलाला उठवलं, मला सुलटी केली आणि ठिगळावर बोट ठेवलं.

"हे भोक कुणी पाडलं?"

तो काहीही सांगू शकला असता. पथकाने, म्हणाला असता. बदलून गेलेल्या एखाद्या साहेबाचं नाव घेतलं असतं. मी अगदी कान टवकारून त्याच्या खोटेपणाची वाट बघत होते.

"मी," कोमरय्या म्हणाला. "पहार माझ्या हातात होती. या म्हाताऱ्याची गच्ची पण मीच धरली होती."

"माहितेय मला. त्या दिवशीच तोंड बघून ठेवलं होतं तुझं. खोटं बोलतोस का ते बघत होते." केसली माझ्या काठाला धरून खाली बसली. "माझी पोर गेली रे. मामा नाही तो. गूळवाला आहे. माझ्या भट्टीचा गूळ आणतो. आता काय करायचं ते कर."

मग तिने सगळं सांगितलं. बंद दारांच्या फटीतून तांडा ऐकत होता. कोमरय्याने मध्ये एकदाच विचारलं, "त्या दिवशी म्हातारा चोर चोर ओरडला. मग मी थांबवल्यावर कुणी काही बोललं का नाही?"

"चोर नाही रे बाबा, कोर!" रूपला वैतागून म्हणाला. "कोर म्हणजे परका. तुला बघून ओरडलो मी."

कोमरय्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "इतकी वर्षं मी... बरं. आणि तो गूळवाला कोण? गोर?"

"तो कसला गोर! तोही कोरच."

"मग त्याच्यासाठी कधी ओरडला नाहीस?"

रूपला चिंचेच्या बुंध्याशी जाऊन बसला. खरं सांगायचं तर आमचा सगळा संशय खाकीवर खर्च झाला होता, पोपटवाल्यासाठी चिमूटभरसुद्धा उरला नव्हता.

"मी गोड बोलणार नाही, अक्का," कोमरय्या उठत म्हणाला. "भट्टीचं नाव निघालंय, ते लपवता येणार नाही. त्याचं जे व्हायचं ते होईल. पण आधी पोर. चल, बस गाडीवर."

"ठाण्यात?"

"ठाण्यात."

दारं उघडली. धर्म्या नायक काठी टेकत वाटेत आला. केसली त्याला एवढंच म्हणाली, "तुझी असती तर?" आणि ती ज्या मोटारसायकलच्या आवाजाला आयुष्यभर घाबरली तिच्यावर बसून खाली गेली. मला वाटलं, ही आता गेली. माझ्यासारखी मुद्देमाल होऊन दाराशी पडणार.

मला पुढचं केसलीच्या सांगण्यातूनच कळलं. पोपटाची रिक्षा कोमरय्याला नीट आठवत होती, ती दोन दिवसांत सापडली. श्रीशैलमने आधी ओळखच नाकारली. मग केसलीला समोर उभं केलं, तेव्हा पत्ता निघाला. शहराच्या टोकाला दोन खोल्यांचं घर, बाहेरून कुलूप, आत जमणी आणि आणखी मुली. आणखी थोडा उशीर झाला असता तर त्यांना कुठे नेलं असतं हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. ठाण्याच्या फौजदार मॅडम कुलूप फोडायला लागल्या तेव्हा आतून जमणी बाकीच्या मुलींना ओरडली, "कडी लावा, पोलीस आहेत!" हे सांगताना केसली हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

भट्टीचं झालंच. केसलीला तहसीलदारासमोर उभं राहून लिहून द्यावं लागलं, पुन्हा गाळणार नाही म्हणून, पुन्हा सापडली तर तुरुंग. नायक म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं, काहीतरी देऊनच येतं माणूस?" केसली म्हणाली, "दिलं. आणि आणलंही." आता ती दुसऱ्याच्या मिरच्या तोडायला जाते, कमाई निम्म्यावर आली आहे आणि त्या दिवशी गूळवाला न म्हणता दुसरंच काही सांगता आलं असतं का, असं कधी कधी स्वतःशीच पुटपुटते.

जमणी फार बोलत नाही. पण या वर्षी तिने तिजेची टोपली धरली, गहू पेरला, रोज पाणी घातलं. अंकुर वीतभर झालेत. काल राखेने घासताना तिने माझ्या आत तोंड घालून हळूच एक ओळ म्हटली. आवाज घुमतो का ते बघत होती. घुमतो ग, ठिगळ असलं तरी घुमतो.

आता माझं ऐका. ठिगळ लावलं म्हणून मी पूर्वीसारखी झालेली नाही. रस्सा पातळ असला की अजून एखादा थेंब सुटतो आणि चुलीत चरचरतो. मला घासताना त्या जागेवरून हात जपून फिरवा आणि भोक पडलंच नव्हतं असं मला कधी सांगू नका. एवढंच मागणं आहे. बाकी भात मी शिजवेन.

थांबा. वळणावर मोटारसायकल खोकतेय. रूपला आता व्हॉलीबॉलच्या खांबाशी बसतो, तो उठलाय. बायांच्या हातातले झारे थांबलेत. जमणी टोपली घेऊन जागच्या जागी उभी आहे. म्हाताऱ्याने छाती भरून घेतली आणि सवयीने तोंड उघडलं.

"को..."

आणि तिथेच अडखळला. मान तिरकी करून ऐकतोय. मागे जीप आहे का, आणखी कुणी आहे का, ते बघतोय. नाही, एकटाच आहे. रूपलाने थुंकी गिळली आणि उरलेलं एका दमात ओरडून टाकलं.

"...मरय्या आवगो!"

एकही दार लागलं नाही. केसलीने माझ्यावरचं झाकण काढलं, वाफ बाजूला केली आणि तो गाडी लावतोय तोवर तांब्याभर पाणी भरून दाराशी ठेवलं.